कटिंग मशीनचं ब्लूटूथ जोडत नाही किंवा मध्येच तुटतं: या क्रमाने तपासा

गणपती किंवा दिवाळी जवळ आली की मला येणाऱ्या फोनमधली तक्रार ठरलेली असते. मखराचं नाहीतर आकाशकंदिलाचं काम अर्धं झालंय, मशीन चालू आहे, पण लॅपटॉप त्याला ओळखतच नाही. कटिंग मशीन म्हणजे लॅपटॉप किंवा फोनवरच्या डिझाइनप्रमाणे कागद आणि व्हायनिल (चिकट प्लास्टिकचा पातळ कागद) कापणारं यंत्र. मी स्वतः कागदाचं आणि व्हायनिलचं काम करते. ओळखीतल्या बऱ्याच जणींची मशीन मीच लावून दिली आहेत, त्यामुळे हा बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केलाय. यातली बहुतेक मशीन मुळात बिघडलेली नसतात. दोष फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा मशीन ठेवलेल्या जागेत असतो. म्हणून मशीन खोक्यात भरून दुरुस्तीला पाठवण्याआधी खालचा क्रम पुरता तपासून बघा.

मी मुख्यतः क्रिकट या कंपनीच्या मशीनबद्दल लिहितेय: एक्सप्लोर एअर २, एक्सप्लोर ३, मेकर, मेकर ३ आणि जॉय. सिल्हूट आणि ब्रदरच्या मशीनचं शेवटाकडे वेगळं दिलंय. सुरुवातीलाच एक लक्षात घ्या. क्रिकटची ही मशीन वाय-फायने जोडली जात नाहीत. वाय-फाय लागतं ते डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरला. लॅपटॉप किंवा फोन आणि मशीन यांच्यातला दुवा एक तर ब्लूटूथचा असतो, नाहीतर यूएसबी केबलचा. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जणी तासभर राउटर बंद-चालू करत बसतात.

आधी लक्षण नीट ओळखा

"कनेक्ट होत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचं मूळ वेगळं असतं.

- ब्लूटूथच्या यादीत मशीनचं नावच येत नाही.
- यादीत नाव आहे, पेअर झालंय (दोन्ही उपकरणांनी एकमेकांची ओळख नोंदलीय) असंही दिसतं, पण डिझाइन स्पेस म्हणतं की मशीन सापडलं नाही.
- जोडणी होते, पण कापायला लागल्यावर काही मिनिटांत तुटते.
- कालपर्यंत सगळं नीट होतं, आज अचानक बंद.

पहिल्या तक्रारीत बहुधा सेटिंग किंवा परवानगी आड येते. दुसरीत जुनी पेअरिंग खराब झालेली असते. तिसरीचं कारण जवळजवळ नेहमी जागा, अंतर किंवा लॅपटॉपची वीज वाचवण्याची सवय यांत सापडतं. चौथीच्या मागे अपडेट असतं, नाहीतर वीज जाऊन आलेली असते.

याशिवाय दोन गोष्टी बिघाड वाटतात, पण तो बिघाड नसतो. विंडोजच्या यादीत क्रिकटचं मशीन कधी कधी 'ऑडिओ' या प्रकारात दिसतं. ते पाहून घाबरून काढून टाकू नका, ते तसंच दिसतं. दुसरं, विंडोज 'कनेक्टेड' न म्हणता नुसतं 'पेअर्ड' म्हणतं. खरी जोडणी डिझाइन स्पेस उघडून मशीन निवडल्यावरच होते, त्यामुळे तोवर 'पेअर्ड' हेच बरोबर उत्तर आहे.

आणि सॉफ्टवेअरच उघडत नसेल, नुसतं चक्र फिरत असेल, तर तो ब्लूटूथचा प्रश्नच नाही. इंटरनेट पाहा. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून डिझाइन स्पेस उघडलं तर दोष घरच्या वाय-फायचा आहे.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी घरातली बाकीची उपकरणं बघा. ही मशीन एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. मुलीच्या टॅबवर डिझाइन स्पेस उघडं राहिलं असेल आणि तिकडून मशीन जोडलेलं असेल, तर तुमच्या लॅपटॉपला ते मिळणार नाही. फोन, टॅब, जुना लॅपटॉप, जिथे जिथे हे मशीन कधी जोडलं होतं तिथलं ब्लूटूथ तात्पुरतं बंद करा. पेअर झालेले हेडफोन, स्पीकरही थोडा वेळ बाजूला ठेवा.

मग सगळं बंद करून पुन्हा चालू करा, पण नीट. मशीनचं बटण बंद करा, अडॅप्टर भिंतीतून काढा, दोनेक मिनिटं थांबा. लॅपटॉपला 'शट डाऊन' देऊ नका, 'रीस्टार्ट' द्या. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर सिस्टीमचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ब्लूटूथची अडकलेली स्थिती तशीच परत येते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. वीज जाऊन आल्यावर याची विशेष गरज पडते. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिलेला असतो, मशीन मात्र मधेच बंद पडून उठलेलं असतं, आणि लॅपटॉपला अजूनही जुनी जोडणी जिवंत आहे असं वाटत असतं.

एक सावधगिरी. अर्धा कट झालेला असताना मशीन बंद केलंत तर मॅट (कागद चिकटवून मशीनमध्ये घालायचा तक्ता) पुन्हा घालावी लागते, आणि ती तंतोतंत जुन्या जागी बसत नाही. दुसरा काप पहिल्यावरून सरकतो. महागडं व्हायनिल लावलेलं असेल तर उरलेल्या भागाचा वेगळा कट काढायचा हे धरूनच मशीन बंद करा.

यानंतर जागा. क्रिकटचा सल्ला आहे की उपकरण मशीनपासून १० ते १५ फुटांच्या आत असावं, म्हणजे साधारण ३ ते साडेचार मीटर. मी तर तपासताना दोन्ही एकाच टेबलावर ठेवायला सांगते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातलं २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतात. ब्लूटूथ गर्दी टाळायला हुशार आहे. ते ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं आणि गोंगाट असलेल्या वाहिन्या सोडून देतं. पण फ्लॅटमध्ये वर, खाली, शेजारी प्रत्येकाचा राउटर असतो. त्यात आपला राउटर मशीनला खेटून असेल, तर उड्या मारायला मोकळी जागाच उरत नाही.

म्हणून मशीन राउटरपासून आणि मायक्रोवेव्हपासून लांब घ्या. लोखंडी कपाटात किंवा त्याच्या आड ठेवू नका, धातू लहरी अडवतो आणि परतवतो. एका घरी मशीन स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला होतं आणि संध्याकाळीच तुटायचं. बाजूला मायक्रोवेव्ह होता, आणि जेवण गरम करण्याची वेळही तीच. मशीन बेडरूममध्ये हलवलं, विषय संपला.

राउटर दोन पट्ट्यांचा असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर न्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, अँटेनाही अनेकदा एकच. वाय-फाय ५ वर गेलं की २.४ चा पट्टा ब्लूटूथला मोकळा मिळतो. मध्येच तुटण्याच्या तक्रारीवर सगळ्यात जास्त गुण मला याच एका बदलाने आलेला दिसलाय.

आणखी एक छुपा त्रास यूएसबी ३ चा. हार्ड डिस्क, हब आणि त्यांच्या वायरी यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. लॅपटॉपला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क काढून बघा.

पेअरिंग मुळापासून पुन्हा करा

यालाही खर्च नाही, फक्त धीर लागतो. पेअर करताना दोन्ही बाजू एक गुप्त खूण जपून ठेवतात. फोनचं मोठं अपडेट झालं किंवा मशीन रीसेट झालं की एका बाजूची खूण बदलते. कुलूप बदललं आणि हातात किल्ली जुनीच, असा तो प्रकार. यादीत नाव दिसत राहतं, पण दार उघडत नाही. अशा वेळी नुसतं ब्लूटूथ बंद-चालू करून काही होत नाही, जुनी नोंद पुसावीच लागते.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' मध्ये जाऊन मशीनच्या नावापुढच्या तीन टिंबांवर 'रिमूव्ह डिव्हाइस' करा. मग डिझाइन स्पेस पूर्ण बंद करा, मशीन बंद करून चालू करा, आणि 'अ‍ॅड डिव्हाइस' मधून पुन्हा जोडा. कोड मागितला तर ०००० द्या. मशीनचं नाव आणि त्यापुढचा कोड नीट वाचा. क्लासमध्ये किंवा एकाच सोसायटीत दोन मशीन असतील तर शेजारचंच मशीन जोडलं जातं आणि तुमचं ढिम्म राहतं.

नाव यादीत येतच नसेल तर विंडोज ११ ची एक सेटिंग बघा. 'डिव्हायसेस' च्या पानावर खाली 'ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी' असं असतं. ते 'डीफॉल्ट' वर असेल तर विंडोज फक्त नेहमीची उपकरणं दाखवतं, म्हणजे माउस, हेडफोन वगैरे. ते 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा. नवीन लॅपटॉप घेतलेल्यांची अडचण पुष्कळदा इथेच सुटते, आणि ही सेटिंग सहसा कुणी सांगत नाही.

आयफोन आणि आयपॅडवर ब्लूटूथच्या यादीत नावापुढच्या 'आय' वर बोट ठेवून 'फरगेट धिस डिव्हाइस'. आयओएस १३ पासून प्रत्येक अ‍ॅपला ब्लूटूथची परवानगी वेगळी द्यावी लागते, तेव्हा डिझाइन स्पेसची परवानगी चालू आहे ना हे पाहा.

अँड्रॉइडवर 'अनपेअर' किंवा 'फरगेट' करून पुन्हा जोडा. इथे परवानग्या जास्त अडवतात. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणं' ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनमध्ये आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला लोकेशन चालू असावं लागतं. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना आपण घाईत 'नको' म्हटलेलं असतं आणि मग मशीन कधीच सापडत नाही. शिवाय बॅटरी सेव्हर. काही फोन स्क्रीन बंद झाली की अ‍ॅपचा गळाच आवळतात आणि कट अर्ध्यात राहतो. डिझाइन स्पेसची बॅटरीची मर्यादा काढून टाका, आणि मोठा कट चालू असताना स्क्रीन जागी ठेवा, मध्ये दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊ नका.

पेअरिंग झाल्यावर डिझाइन स्पेसमध्ये आपलंच मॉडेल निवडलंय ना हे बघा. मशीन मेकर आणि निवड एक्सप्लोरची, असं घाईत सहज होतं.

केबल लावा: इथे प्रश्नाचे दोन भाग होतात

अजूनही अडलंय? मग केबल. एक्सप्लोर आणि मेकरच्या मागे चौकोनी यूएसबी पोर्ट असतं. घरातल्या बहुतेक प्रिंटरला लागते तीच केबल इथे चालते, त्यामुळे खर्च बहुधा शून्य. मेकर आणि मेकर ३ च्या बाजूला एक यूएसबीचं भोक आहे, ते फोन-टॅब चार्ज करण्यापुरतं आहे, त्यात लावून उपयोग नाही. जॉयला यूएसबी पोर्टच नाही, त्यामुळे जॉयवाल्यांनी केबलऐवजी दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवर जोडून पाहावं.

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. केबलने मशीन व्यवस्थित कापत असेल, तर मोटर, ब्लेडचा गाडा, मुख्य बोर्ड, अडॅप्टर, सॉफ्टवेअर हे सगळं ठीक आहे हे एका झटक्यात सिद्ध होतं. उरतं फक्त ब्लूटूथ, मग ते लॅपटॉपचं असो वा मशीनचं. केबलनेही मशीन सापडत नसेल तर ब्लूटूथच्या मागे लागणं तिथेच थांबवा, दोष दुसरीकडे आहे.

ब्लूटूथची बाजू ओळखायला दुसरा फोन घ्या, शेजारणीचा घेतला तरी चालेल. त्यावर अ‍ॅप टाकून तुमच्या खात्याने उघडा आणि मशीन जोडा. दुसऱ्या फोनला लगेच जोडलं गेलं तर दोष तुमच्या लॅपटॉपचा. कुठल्याच उपकरणाला जोडलं जात नसेल, पण केबलने चालत असेल, तर मशीनच्या ब्लूटूथवर संशय घ्यायला हरकत नाही.

केबल जोडलेलीच आहे तर मशीनचं फर्मवेअरही (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या. डिझाइन स्पेसच्या मेनूमध्ये तो पर्याय असतो. हे काम लॅपटॉप चार्जरला लावून आणि वीज जाण्याची शक्यता नसताना करा. फर्मवेअर अर्ध्यात तुटलं तर साधा प्रश्न अवघड होऊन बसतो. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार ठरलेला आहे. तुमच्याकडेही तसं असेल तर तो दिवस टाळा.

जुनी एक्सप्लोर किंवा एक्सप्लोर वन सेकंडहँड घेतली असेल तर वेगळंच कारण असू शकतं. त्यांत ब्लूटूथ आतून बसवलेलंच नसतं, वेगळा ब्लूटूथ अडॅप्टर खोचावा लागतो. विकणाऱ्याने तो दिला नसेल तर तुम्ही कितीही शोधलंत तरी मशीन यादीत येणार नाही. तोवर केबलने काम करा.

लॅपटॉपच्या आत

दोष लॅपटॉपचा निघाला तर विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'ब्लूटूथ' या गटात तुमच्या अडॅप्टरवर दोनदा क्लिक करा आणि 'पॉवर मॅनेजमेंट' मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असेल तर काढा. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप मोठ्या कटच्या मध्येच ब्लूटूथ झोपवतो, त्याचं कारण हे. चार्जर लावून कापलं तर तुटत नाही आणि बॅटरीवर तुटतं, असं दिसलं तर थेट इथेच या.

ब्लूटूथचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचा, उतरवून घ्या. 'ड्रायव्हर अपडेट करून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका, त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप मी पाहिलेत.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर इथेच थांबा. पुष्कळ कंपन्या ब्लूटूथ आणि यूएसबीवर बंधनं घालतात. त्यात आपण खटपट करायची नसते आणि केली तरी चालत नाही. फोन किंवा घरचा जुना लॅपटॉप वापरा.

ड्रायव्हर टाकूनही ब्लूटूथ डळमळत असेल तर थोडा खर्च करा. यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल साधारण ५०० ते ७०० रुपयांत मिळतो. तो लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतलं ब्लूटूथ 'डिसेबल' करा, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टजवळ न लावता छोट्या एक्स्टेन्शन वायरने थोडा दूर ठेवा, कारण तोच मघाचा गोंगाट. डोंगल घेण्याआधी मात्र दुसऱ्या फोनची चाचणी केलेली असू द्या. मशीनच्याच ब्लूटूथमध्ये दोष असेल तर हे पैसे वाया जातील.

सिल्हूट आणि ब्रदर वापरणाऱ्यांसाठी

सिल्हूट कॅमिओ ४ मध्ये ब्लूटूथ आहे आणि वरच्या बहुतेक गोष्टी तिलाही लागू पडतात. फरक एवढाच की मशीन दिसतंय का ते सिल्हूट स्टुडिओ या तिच्या सॉफ्टवेअरच्या 'सेंड' पॅनेलमध्ये पाहायचं.

ब्रदर स्कॅनएनकटच्या एसडीएक्स मालिकेचं गणित वेगळं आहे. ती वाय-फायने जोडली जाते आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झवर. वर मी लॅपटॉप ५ वर न्यायला सांगितलं, हे मशीन मात्र २.४ वरच हवं. नव्या राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं आणि मशीन गोंधळतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या आणि मशीन त्याला जोडा. हॉस्टेल किंवा पीजीमधलं, ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागणारं वाय-फाय या मशीनला चालत नाही. तोवर फाइल पेनड्राइव्हवर घेऊन थेट मशीनला लावता येते, ऑर्डर अडत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढचं काही दिसलं तर तपासण्या तिथेच सोडा. अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका तापतोय, जळका वास येतोय किंवा वायरीतून ठिणगी दिसली. मशीनमध्ये पाणी किंवा चहा गेलाय. वीज कडाडल्यावर किंवा व्होल्टेज वरखाली झाल्यावर मशीन मुकं झालंय. बटणाचा दिवा लागतच नाही, किंवा लाल होऊन तसाच राहतो. यांतल्या कुठल्याही वेळी आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. बाजारातला 'चालून जाईल' असा दुसरा अडॅप्टर लावून बघू नका. व्होल्ट चुकीचे असतील तर बोर्ड जाईल, आणि बोर्डाच्या दुरुस्तीपुढे अडॅप्टरची किंमत काहीच नाही.

दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर, दोन वेगळ्या केबलने मशीन सापडलं नाही, तरीही थांबा. किंवा केबलने सगळं चालतं, पण कुठलाच फोन, कुठलाच लॅपटॉप ब्लूटूथने जोडत नाही, तेव्हाही. मशीनचं आतलं ब्लूटूथ घरी दुरुस्त होण्यासारखं नसतं. स्क्रू काढून आत बघण्याचा मोह आवरा. वॉरंटी असेल तर ती हातची जाईल, आणि गाड्याचा पट्टा जरा जरी सरकला तर जे नीट होतं तेही वाकडं कापायला लागेल. गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही नेऊ नका. तो त्याच्या कामात कितीही चांगला असला तरी या मशीनचे सुटे भाग त्याच्याकडे नसतात.

तुमच्या फोनला किंवा लॅपटॉपला कुठलंच ब्लूटूथ उपकरण जोडलं जात नसेल, अगदी हेडफोनसुद्धा, तर मशीनच्या नाही, त्या फोनच्या सर्व्हिस सेंटरला जा.

मशीनसाठी आधी ज्यांच्याकडून घेतलं त्यांना, आणि मग कंपनीच्या मदत केंद्राला गाठा. बोलण्याआधी खरेदीचं बिल, मशीनच्या तळाच्या चिकटपट्टीवरचा सिरियल नंबर, फोन किंवा लॅपटॉपचं मॉडेल, विंडोज किंवा अँड्रॉइडची आवृत्ती आणि डिझाइन स्पेसची आवृत्ती कागदावर लिहून ठेवा. केबलने चालतं की नाही आणि दुसऱ्या फोनवर काय झालं, ही दोन उत्तरं तिथे सगळ्यात आधी सांगा. ती सांगितली नाहीत तर पलीकडची व्यक्ती तुम्हाला पुन्हा बंद-चालू करण्यापासून सुरुवात करायला लावेल. मशीन पाठवायचं ठरलं तर ब्लेड आणि मॅट काढून घरी ठेवा. मूळ खोकं आणि थर्माकोल टाकून दिलं नसेल तर त्यातच पॅक करा, आणि सोबत अडॅप्टर द्यायचा का ते विचारून घ्या.